काजूचे बोंड आणि अबकारीचा कागद

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात एप्रिलच्या सकाळी वाळपईहून आत जाणाऱ्या वाटेला लागलेल्या पाहुण्याला भट्टी दिसण्याआधी तिचा वास येतो. पिकून गळलेल्या फळांचा, अर्धा गोड, अर्धा आंबूस, घशात रेंगाळणारा. ज्याला तो आवडत नाही त्याला तो दहा पावलांवरूनही सोसवत नाही. ज्याला आवडतो त्याला पुढच्या चैत्रापर्यंत त्याची आठवण पुरते. उतारावर काजूची झाडे, पायथ्याशी एक खोप, खोपीत धुराने काळवंडलेले भांडे आणि चुलीत धगधगणारे ओंडके. तळघर नाही, पाटी नाही, चव घेण्यासाठी मांडलेले नाजूक प्याले तर नाहीतच.

तेरेखोल नदीच्या पलीकडे, सिंधुदुर्ग जिल्ह्यातही हीच झाडे आहेत. माती तीच, पाऊस तोच, फळही तेच. तिकडे मात्र अशी खोप राजरोस दिसत नाही. बी काढून घेतल्यावर बोंडांचे ढीग झाडाखालीच कुजतात. एकाच झाडाच्या फळाचे नदीच्या एका काठावर मद्य व्हावे आणि दुसऱ्या काठावर खत, हे निसर्गाने ठरवलेले नाही. ते कागदांनी ठरवले. हा धागा त्या कागदांचा आहे.

प्रथम भट्टीतील काम पाहू, कारण पुढचे कायदे त्यावाचून समजणार नाहीत.

काजूचे फळ मद्यासाठी झाडावरून तोडत नाहीत. ते पूर्ण पिकून आपोआप गळावे लागते. पहाटे बायामाणसे टोपल्या घेऊन झाडांखाली फिरतात, बोंड उचलतात आणि मनगटाच्या एका हिसक्यात बी पिळून वेगळी करतात. वजनात बोंड बीच्या पाचपटीहून अधिक भरते, पण त्याचे आयुष्य जेमतेम एका दिवसाचे. उन्हात राहिले की ते फुटते आणि आंबू लागते. कच्चे खावे तर घसा धरतो. म्हणजे हे फळ बाजारात फार दूर नेता येत नाही, साठवता येत नाही आणि पोटभर खाताही येत नाही. त्याचे जे काही करायचे ते झाडापासून हाकेच्या अंतरावर आणि त्याच दिवशी करावे लागते. ही अडचण लक्षात ठेवावी. पुढे ती फार महत्त्वाची ठरणार आहे.

जांभ्या दगडात कोरलेल्या उथळ कुंडात, म्हणजे कोळमीत, बोंडे टाकून पायांनी तुडवतात. पहिला रस निघाला की उरलेल्या चोथ्याचा गोल ढीग रचतात, तो वेलीने आवळतात आणि वर जड दगड ठेवून रात्रभर ठिबकू देतात. हा दुसरा रस म्हणजे नीरो. तो स्वच्छ, थंड आणि इतका गोड असतो की याच फळाने मघाशी घसा धरला होता यावर विश्वास बसू नये. मराठीतील ताडामाडाच्या नीरेची ही कोकणी बहीणच म्हणायची.

तुडवून काढलेला रस मातीच्या मडक्यांत दोन-तीन दिवस आंबतो. त्यात विरजण म्हणून काही घालत नाहीत. फळाच्या सालीवरचे आणि हवेतले किण्व तेवढे काम करतात. या क्षणी मडक्यात जे असते त्याला काटेकोरपणे पाहिले तर वाइनच म्हणायला हवे: फळाचा रस, स्वतःच्या साखरेवर आंबलेला. युरोपातील द्राक्षमळ्यात प्रवास इथे थांबतो आणि पिंप भरले जाते. गोव्यात मात्र रस ‘भाण’ नावाच्या भांड्यात चढतो, वाफ नळीतून ‘लवणी’त उतरते, लवणीवर सतत पाणी ओतून ती गार ठेवतात. पहिल्या धारेचे मद्य म्हणजे उर्राक. त्यातील मद्यार्क साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बळकट वाइनइतकाच. ते टिकत नाही, म्हणून हंगामातच संपवायचे. आजकाल लिम्का, लिंबू आणि चिरलेली हिरवी मिरची घालून. उर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळले की निघते ती फेणी, चाळीस टक्क्यांच्या वर जाणारी. तिचे नाव संस्कृत ‘फेन’ म्हणजे फेस या शब्दावरून आले असे मानतात, आणि जुना गाळणारा आजही बाटली हलवून फेसाच्या मण्यांवरून तिचा जोर सांगतो.

एवढे पाहून कोणालाही वाटेल की हे सारे कोकणच्या मातीइतके जुने आहे. तसे नाही. काजू हे मूळचे ईशान्य ब्राझीलचे झाड. तेथील तुपी भाषेतील ‘अकाजू’चे पोर्तुगीजांनी ‘काजू’ केले आणि तो शब्द जसाच्या तसा कोकणी-मराठीत येऊन बसला. इ.स. १५०० मध्ये पेद्रु आल्व्हारिश काब्राल याचा काफिला एप्रिलमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच सफरीत सप्टेंबरमध्ये कालिकतला पोहोचला. ब्राझील आणि मलबार एका दोरीत ओवले गेले ते तेव्हा. फ्रेंच प्रवासी आंद्रे तेव्हे याने सोळाव्या शतकाच्या मध्यात ब्राझीलमधील या फळाचे वर्णन केले आहे. ईशान्य ब्राझीलमधील तुपी आणि इतर आदिवासी काजूचा रस आंबवून पीत. सेआरा प्रांतात त्या पेयाला आजही ‘मोकोरोरो’ म्हणतात. बोंड आंबवण्याची युक्ती फळाबरोबर जहाजावर चढली की गोव्यात नव्याने सुचली, यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. जे फळ उचलता उचलता आंबते त्याचे काय करावे, हे कोणाला शिकवावे लागत नसावे.

काजूची आगमन-तिथी पुस्तकांच्या साहाय्याने बऱ्यापैकी पकडता येते. गार्सिया द ओर्ता हा वैद्य गोव्यात कित्येक वर्षे राहिला. इथल्या वनस्पतींवरचे त्याचे संवादरूप पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापले गेले. त्यात काजू नाही. क्रिस्तोव्हाँ द कोश्ता याच्या १५७८ च्या ग्रंथात तो आहे, कोचीच्या बागांत वाढलेला. आणि १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपकडे चिटणीस असलेल्या यान हुइगेन व्हान लिन्सखोटेन या डच तरुणाला तर ते ब्राझीलहून आलेले झाड म्हणून ठाऊक होते. डोंगरांची धूप थांबवण्यासाठी पोर्तुगीजांनी काजू लावला, ही पर्यटकांना हमखास सांगितली जाणारी कथा जपून ऐकावी. सोळाव्या शतकातील बागेत रुजलेल्या नव्या फळझाडाला एवढा दूरदर्शी हेतू चिकटवण्याची गरज नाही.

ओर्ताच्या पुस्तकात काजू नसला तरी भट्टी आहे, आणि हीच त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. माडाची सुरा गाळून जे तीव्र मद्य निघते, ज्यात भिजवलेली चिंधी पेट घेते, त्याला इथले लोक ‘फुला’ म्हणतात आणि सौम्य प्रकाराला ‘उर्राका’, असे तो नोंदवतो. फुला म्हणजे फूल. उर्राका म्हणजे अरबी ‘अरक’चे पोर्तुगीज रूप. याचा अर्थ साडेचार शतकांपूर्वी भाण, लवणी आणि शब्द तिन्ही तयार होते. ते माडाच्या सेवेत होते. ब्राझीलचे फळ पुढे येऊन त्या तयार संसारात बसले. सतराव्या-अठराव्या शतकांत ‘गोवा अरक’ लंडनपर्यंत पोहोचला होता आणि तिथे त्याचे पंच बनत असे. तो माडाचाच.

देवघर आणि वेदी यांच्याशी या मद्याचे नाते विषम राहिले. कॅथलिक मिस्सेला द्राक्षाचीच वाइन लागते, चर्चचा तसा नियमच आहे. त्यामुळे पोर्तुगालहून येणारी वाइन वेदीवर चढली आणि बोंडाचा रस अंगणात राहिला. गावच्या राखणदाराला मात्र रोट आणि सोरो यांचा मान आजही अनेक ठिकाणी चालतो.

आता कागदांकडे वळू. पोर्तुगीज सत्तेने अरकाकडे प्रथमपासून उत्पन्न म्हणून पाहिले. मद्याचा हक्क मक्त्याने द्यायचा, बोली लावायची, मक्तेदाराने खंड भरायचा. पोर्तुगीज भाषेत खंडाला ‘रेंद’ आणि खंड भरून हक्क घेणाऱ्याला ‘रेंदेइरु’. माडावर चढून सूर काढणाऱ्या ख्रिस्ती समाजाला गोव्यात ‘रेंदेर’ म्हणतात तो शब्द इथूनच आला. करभरणीचा शब्द माणसांच्या ओळखीचा शब्द झाला. इतिहासात करवसुली किती खोल जाते याचे याहून बोलके उदाहरण शोधायला फार हिंडावे लागेल.

नदीपलीकडे, मुंबई इलाख्यात, १८७८ साली नवा अबकारी कायदा आला. त्यामागचे धोरण साधे आणि कठोर होते: गावोगाव विखुरलेल्या भट्ट्यांवर नजर ठेवणे परवडत नाही, तेव्हा त्या बंद कराव्यात, गाळप मोठ्या मध्यवर्ती कारखान्यांत आणावे आणि कर दारातच घ्यावा. माडावरचा कर वाढला. ठाणे-कुलाब्याच्या भंडाऱ्यांचा धंदा मोडकळीस आला. पुढे १८९२ च्या मोहडा कायद्याने त्याच दोन जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध घातले. झाडाखाली पडलेले फूल उचलून घरात ठेवणे हा गुन्हा ठरू शकत होता. या धोरणाच्या चौकटीत काजूचे बोंड बसणारच नव्हते. मोहाचे फूल वाळते, गोणीत भरते, आगगाडीने कारखान्याला जाते. बोंडाला तेवढा अवधी नाही. ज्या राज्यात गाळप फक्त कारखान्यात होईल तिथे बोंडाला मद्य होण्याचा मार्गच उरत नाही. वर ‘लक्षात ठेवावी’ म्हटलेली अडचण ती हीच.

मात्र एका बाजूला कर वाढवला आणि दुसरी बाजू स्वस्त राहिली की माल डोंगरवाटांनी वाहू लागतो. सावंतवाडी आणि कारवारच्या बाजूने गोव्याचे मद्य झिरपेल ही भीती मुंबई सरकारला होतीच. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनमध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. आंद्राद कोर्व्हु हे पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री, रॉबर्ट मोरिअर हे ब्रिटिश वकील. १५ जानेवारी १८८० पासून बारा वर्षांसाठी दोन्ही मुलखांतील जकात उठली, गोव्यातील मिठाचा ताबा ब्रिटिशांकडे गेला, त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले, मुरगाव बंदर आणि रेल्वेची वाट मोकळी झाली; आणि गोव्याची अबकारी मुंबईच्या पद्धतीशी जुळवून घेण्याचे ठरले.

गोव्यात हा करार नावडता झाला. मिठागरे ओस पडली, मद्यावरचा भार वाढला आणि मुंबईच्या वाटेला लागणाऱ्यांची संख्या वाढली. मिठाची हकीकत सगळे सांगतात, कारण पुढे दांडी येते. मद्याची कोणी सांगत नाही. पण काजूच्या दृष्टीने निर्णायक गोष्ट अशी की जानेवारी १८९२ मध्ये कराराची मुदत संपली आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. गोवा मुंबईच्या चौकटीत कायमचा गेला असता तर सत्तरीतील ही खोप आज दिसली नसती. करार सुटला आणि गोवा पुन्हा आपल्या जुन्या बोलीच्या पद्धतीवर राहिला. बोली लावणाऱ्याकडून एकरकमी पैसे घेऊन सरकार मोकळे. भाण कुठे मांडावे याची त्याला फिकीर नव्हती. आळशी म्हणावी अशीच ती करव्यवस्था. तिच्या आळसाने भट्टी झाडाखाली टिकली.

मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला तेव्हा दोन काठांमधील अंतर आणखी रुंदावले. इकडे पेल्यालाही परवाना, तिकडे परसात भट्टी. मुंबईच्या गल्ल्यांत गोवेकर ‘आंट्यां’चे चोरटे गुत्ते याच काळात नावारूपाला आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. सरहद्दीचे ठाणे गेले, पण अबकारीची सीमा जागच्या जागी राहिली. १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे यावर गोव्यात जनमत कौल झाला. भाषा, नोकऱ्या, ओळख हे मोठे प्रश्न होतेच. पण विलीनीकरणविरोधी प्रचारात महाराष्ट्राच्या दारूबंदीचाही मुद्दा होता, कारण रेंदेर आणि भट्टीवाला यांच्या चुलीशी त्याचा थेट संबंध होता. १,७२,१९१ मते विलीनीकरणाविरुद्ध पडली, १,३८,१७० बाजूने. ३४,०२१ मतांच्या या फरकात भट्टीचा वाटा किती हे मोजता येणार नाही. तो शून्य होता असे मात्र म्हणता येत नाही.

कौलाने भट्टी वाचली. तिच्यावर शिक्का मात्र निराळाच बसला. गोव्याच्या १९६४ च्या अबकारी कायद्याखाली फेणी ‘कंट्री लिकर’ म्हणजे देशी दारू या वर्गात राहिली. मद्य हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिला आहे. प्रत्येक राज्याची अबकारी वेगळी, आणि एका राज्याची देशी दारू दुसऱ्या राज्यात सहसा विकता येत नाही. परिणाम विचित्र झाला. मळीच्या मद्यार्कात रंग व सुगंध घालून केलेली व्हिस्की ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ या नावाने देशभर फिरली. आणि सोळाव्या शतकातल्या पद्धतीने फळापासून गाळलेली फेणी पत्रादेवीच्या नाक्यावर अडली. मेक्सिकोने टकीलाला १९७४ मध्ये उगमस्थानाचे कायदेशीर संरक्षण दिले. गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला तो २००९ मध्ये, तिच्या उत्पादकांच्या संघटनेने शासनाच्या साहाय्याने अर्ज केल्यावर. गोव्यातील वस्तूला मिळालेला तो पहिला. २०१६ मध्ये राज्य सरकारने तिला ‘वारसा मद्य’ म्हणून वेगळे काढले आणि देशी दारूचा शिक्का पुसला.

शिक्का पुसला म्हणजे बाजार खुला झाला असे मात्र नव्हे. दुसऱ्या राज्यात बाटली न्यायची तर तिथली नोंदणी, तिथले शुल्क, तिथले गोदाम. मोठ्या कंपनीला ते जमते. ज्याचा हंगाम मार्चमध्ये सुरू होऊन पहिल्या पावसाबरोबर संपतो आणि ज्याचे सारे भांडवल एक भाण, एक लवणी आणि चार माणसे एवढेच आहे, त्याला जमत नाही. त्याचा माल बहुधा घाऊक घेणाऱ्याकडे कॅनमधून जातो आणि कोणाच्या तरी सुबक बाटलीत उतरतो. निर्देशांकाच्या कागदावर नाव गोव्याचे आहे. खोपीतल्या माणसाचे नाव बाटलीवर क्वचितच येते.

मद्याची बाजू घेताना मद्याने मोडलेली घरे विसरून चालणार नाही. दारूबंदीची मागणी कोकणात काही वरून लादलेली नव्हती, आणि उर्राकाच्या दिवसांत गोव्यातील बायकांच्या कपाळावर पडणारी आठी पर्यटनाच्या पत्रकात छापत नाहीत. पण बंदी आणि मध्यवर्ती कारखाने यांनी व्यसन थांबवले की फक्त गाळणारा बदलला, हा प्रश्न १८७८ पासून वारंवार विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तर सरकारी तिजोरीच्या ताळेबंदात बऱ्यापैकी स्पष्ट दिसते.

सिंधुदुर्गात काजूचे मोल गेल्या शंभर वर्षांत बीभोवती फिरत राहिले. १९२० च्या दशकात अमेरिकेत काजूगराला गिऱ्हाईक मिळाले आणि पश्चिम किनाऱ्यावर सोलण्याचे कारखाने वाढले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारखी भरघोस बी देणारी वाणे दिली. झाडे वाढली, बी वाढली आणि तिच्या कितीतरी पट बोंडे वाढली. सरबत, जॅम, वाइन असे प्रयोग झाले आहेत. पण फळाची एका दिवसाची मुदत आणि परवान्याचे महिने यांचा मेळ अजून बसत नाही. दोडामार्गच्या बाजूची काही बोंडे गाडीत भरून गोव्याच्या भट्ट्यांवर जातात. बाकीची झाडाखाली.

सत्तरीत आजही हंगामाआधी अबकारी खात्याचा लिलाव होतो. काजूचे मुलूख विभागांत वाटलेले असतात; बोली जिंकणाऱ्याला त्या विभागातील बोंडे गाळण्याचा हक्क मिळतो. कोकणीत याला ‘पावणी’ म्हणतात. रेंदेइरु गेला, रेंद गेली, बोली राहिली. पावणीची रक्कम भरून झाली की लवणीचे तडे बुजवायचे, कोळमी घासून धुवायची, आणि पहाटे झाडांखाली टप्-टप् आवाज सुरू होण्याची वाट पाहायची.